मंगळवारचा भाव

आमच्या बाबांना पुलाजवळच्या रस्त्यावर कुणी नावानं ओळखत नाही. पाटीवाले कुठे राहतात विचारलं, तर शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पाटीच्या जागी लाल दिव्यांचे आकडे लुकलुकायला लागले, तरी ते पाटीवालेच राहिले. शाळेत मला ‘पाटीवाल्यांची’ म्हणायचे आणि मी जाम चिडायचे. मी जिभेची तिखट, आईवर गेले आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पूल म्हणजे दोन देशांच्या मधला पूल. खाली नदी, पुलाच्या मधोमध पिवळ्या रंगाची जाड रेघ. रेघेच्या अलीकडे आपली नोट चालते, पलीकडे त्यांची. माणसं मात्र दोन्हीकडून रोज ये-जा करतात, कुणी कामाला, कुणी बाजाराला, कुणी माहेरी. नोटा बदलून देणारं एक दुकान पुलाच्या तोंडाशी होतं. बाबा तिथे एकतीस वर्षं खिडकीवर बसले. पण त्यांचं खरं काम खिडकीच्या बाहेर होतं. रोज सकाळी नऊ वाजता दाराशेजारच्या काळ्या पाटीवर त्या दिवसाचा भाव लिहायचा: तिकडच्या शंभराला आपले किती.

आठ पन्नासला मुख्य कचेरीचा फोन यायचा. तिकडून आकडे सांगितले जायचे, बाबा एकेक आकडा परत म्हणून दाखवायचे, मग खडू पाण्यात बुडवून बाहेर जायचे. ओला खडू वाळला की ठळक उठतो आणि नदीवरच्या वाऱ्यानं पुसत नाही. एक आणि नऊ यांची गल्लत होऊ नये म्हणून नऊला चांगलं टपोरं पोट काढायचे. नऊ वाजेपर्यंत फोन आला नाही, तर कालचाच आकडा राहू द्यायचा, असा दुकानाचा नियम होता. पाटी झाली की आत येऊन तोच आकडा तारीख-वारासकट स्वतःच्या वहीत उतरवायचे. ही वही दुकानाची नव्हे बरं का, घरची. कुणी सांगितलेलं नव्हतं, पगारात त्याची दमडीही मिळत नव्हती. वर्षाला एक वही, शाईचं पेन आणि एक कायदा: खोडाखोड करायची नाही. मुळात चुकीचं लिहायचंच नाही, मग खोडायची वेळ येतेच कुठे, असं त्यांचं म्हणणं. घ्या आता.

अशा एकतीस वह्या आमच्या कपाटाच्या वरच्या खणात आहेत. आमची आई म्हणजे वर्तमानपत्र वाचून व्हायच्या आत रद्दीत घालणारी बाई. पण या वह्यांवरची धूळ ती दर महिन्याला स्वतः झटकायची. शेजारणीचा नवरा शंभर गोष्टी सांगतो, त्यातल्या नव्वद हवेतल्या असतात. आमचे हे दिवसाला चार वाक्यं बोलतात, पण ती चारही खरी. हे ती मला लहानपणापासून ऐकवत आली. बाबांचा शब्द तिच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ होता. आणि याच रेघेपायी तिनं स्वतःचा भाऊ तोडला.

मामा पलीकडे राहायचा, पुलापासून पायी वीस मिनिटांवर. आईपेक्षा चार वर्षांनी लहान, धंद्यानं शिंपी, आजीकडूनच शिकलेला. आजी तिकडेच त्याच्यापाशी होती. मला तो ‘मिरची’ म्हणायचा आणि दर भेटीत गळ्यातल्या टेपनं माझी उंची मोजून मी एक सूतसुद्धा वाढले नाही असं गंभीर तोंड करून सांगायचा. मी खरंच रडकुंडीला यायचे. मग तो टेप उलटी धरून परत मोजायचा.

मी आठ वर्षांची असताना आजी गेली. तिचं राहतं घर विकलं आणि आईच्या वाट्याचे चाळीस हजार आले. चाळीस हजार तिकडचे. मामानं ते तिकडच्याच एका नोटा बदलणाऱ्याकडे बदलले आणि आपल्या नोटा घेऊन तो एका मंगळवारी संध्याकाळी आला. आला तो घरी नाही, हॉस्पिटलात. कारण त्याच दिवशी सकाळी मी शाळेच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरगुंडी करताना खाली पडले होते आणि माझा डावा हात कोपरात मोडला होता. आई-बाबा दोघंही माझ्या उशाशी होते.

पुढचं मी अर्धवट गुंगीत ऐकलं आणि मोठी झाल्यावर तुकड्यातुकड्यानं जोडलं. मामानं पाकीट आईच्या हातात दिलं आणि म्हणाला, ताई, नशीब फुटकं, आजच सकाळी आमच्या सरकारनं नोटेची किंमत पाडली. शंभराला सहाशे त्रेचाळीसच मिळाले. आईला कळेना. तिनं बाबांना विचारलं, आज भाव काय होता हो? बाबांनी पिशवीतून वही काढली. तिच्यातल्या मंगळवारपुढे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आठशे बारा होते. पाटीवरचा आकडा माझ्याच हातचा आहे, ते म्हणाले. मामा म्हणाला, दाजी, त्यानंतर पडला असेल. बाबा म्हणाले, चौकशी करतो.

माझ्या हाताचं ऑपरेशन झालं, त्यात ताप चढला आणि बाबा चार दिवस दुकानात गेलेच नाहीत. पाचव्या दिवशी गेले. मधले जे दिवस वहीत रिकामे होते, ते त्यांनी दुकानाच्या रजिस्टरवरून उतरवून घेतले. बुधवार सहाशे एकोणचाळीस, गुरुवार सहाशे एक्केचाळीस, असे. मंगळवार आधीच लिहिलेला होता, तो कशाला बघायचा? घरी आल्यावर आईनं विचारलं, मग भाव पडला कधी? बाबांनी वही उघडून सांगितलं, बुधवारी.

बुधवारी पडला, म्हणजे मंगळवारी पडला नव्हता. म्हणजे मामानं मंगळवारी आठशे बारानं नोटा बदलल्या, बुधवारी भाव पडणार याची कुणकुण त्याला लागलेली होती, ती थाप आधीच मारून ठेवली आणि मधले सदुसष्ट हजार सहाशे खिशात घातले. आईनं असं गणित मांडलं. मामाकडे पावती नव्हती. त्या दिवशी म्हणे नोटा बदलणाऱ्यांपुढे अशी झुंबड होती की पावती मागणाऱ्याला रांगेबाहेर काढत होते. आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी गोष्ट, कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पण इकडच्या वर्तमानपत्रात ती बातमी बुधवारी आली, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात बुधवारच बसला. आणि खुद्द भाव लिहिणारा माणूस घरात असताना बाहेर कोण विचारायला जातं?

मामा पुन्हा आला, तेव्हा माझा हात प्लास्टरमध्ये होता. आई त्याला दारातच म्हणाली, “मेलेल्या आईच्या पैशात हात मारलास. उरलेले ठेव तुझ्याकडे, आणि परत या दारात येऊ नकोस.” मामा बाबांकडे वळून म्हणाला, दाजी, तुम्ही तरी सांगा. बाबांनी खाली बघून सांगितलं, पाटीवर होतं तेच मी सांगितलं. मामा गेला. जाताना त्यानं माझ्या प्लास्टरवर हात ठेवला, एवढं मला स्पष्ट आठवतं.

त्यानंतर तेवीस वर्षं आमच्या घरात मामा हा शब्द निघाला नाही. त्याची दोन पत्रं आली, आईनं ती न फोडता परत पाठवली. पुलावर कधीतरी तो समोरून येताना दिसायचा आणि आई माझा हात घट्ट धरून दुसऱ्या कडेला वळायची. मला राग यायचा, पण कुणाचा ते कळायचं नाही. मोठी झाल्यावर मी एकदा विषय काढला, तर आईनं असं बघितलं की मी मुकाट्यानं चहा प्यायले.

मी एका मालवाहतुकीच्या कंपनीत काम करते. या वर्षी एका जुन्या भांडणाच्या फायलीसाठी मला पंधरा वर्षांपूर्वीच्या एका तारखेचा भाव हवा होता. शोधता शोधता सापडलं, की पलीकडच्या सरकारी बँकेनं गेल्या पन्नास वर्षांचे रोजचे भाव संगणकावर टाकले आहेत. दिवसागणिक, एकही तारीख न चुकवता. मला एकदम बाबा आठवले. साहेब जेवायला गेल्यावर मी कंपनीच्या कागदावर बाबांची एकतीस वर्षं छापून घेतली आणि घरी नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, घ्या, तुमचा पेपर तपासायला आलाय.

मला वाटलं होतं, दोन दिवस चाळतील. पण तो माणूस सहा आठवडे हटला नाही. रोज दुपारचा चहा झाला की टेबलावर डाव्या हाताला वही, उजव्या हाताला छापील कागद, मध्ये लाकडी पट्टी. सरकारी भावातून दुकान शंभरामागे दोन कापायचं, ते वजा करायचं आणि आकडा जुळला की शिसपेन्सिलीनं बारीकशी खूण. आई समोर मटार सोलत किंवा कपड्यांच्या घड्या घालत बसायची. बाबा मधूनच म्हणायचे, जुळला. आई म्हणायची, न जुळायला काय झालं? दोघांचा हा खेळ मला इतका आवडला होता, की शनिवारी अर्धी सुट्टी मिळाली की मीही तिथे जाऊन बसायचे. एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं, अठरा वर्षं. एकही चूक नाही. मी त्यांना चिडवलं, बाबा, आता बँकेनंच तुमच्याकडे शिकायला यावं. ते लाजले. माझ्या आयुष्यात मी त्यांना लाजताना पहिल्यांदा बघितलं.

त्या शनिवारी एकोणिसावी वही चालू होती. आई खाली किराणा आणायला गेली होती. बाबा म्हणाले, यांचं इथे चुकलंय. मी म्हटलं, कुणाचं? म्हणाले, बँकेचं. मी हसत उठून बघितलं. वहीत मंगळवारी आठशे बारा. कागदावर मंगळवारी सहाशे पंचेचाळीस. दोन वजा केले की सहाशे त्रेचाळीस.

मी तारीख बघितली. ती तारीख माझ्या कोपरावर शिवलेली आहे. बाबांनी सोमवार बघितला, जुळत होता. बुधवार बघितला, जुळत होता. परत मंगळवार बघितला. चष्मा काढून पुसला आणि परत बघितला. एवढी मोठी बँक, तिच्याकडे हजार माणसं, आणि त्यांचा एक दिवस चुकेल का, असं मी विचारलंही नाही. त्यांनाच ते कळलं होतं.

मग ते हळूहळू आठवत गेले. त्या दिवशी आठ पन्नासला फोन आला नव्हता. कचेरीत त्या वेळी काय गोंधळ माजला असेल, याची इथे कुणाला कल्पना नव्हती. नऊ वाजले, नियमाप्रमाणे सोमवारचाच आकडा राहिला, तो त्यांनी वहीत मंगळवारपुढे लिहिला. नऊ वीसला फोन वाजला. भाव आला म्हणून त्यांनी खडू हातात घेऊनच उचलला, तर फोन माझ्या शाळेतून होता. ते तसेच धावले. कचेरीचा फोन त्यानंतर आला असणार. शेजारच्या खिडकीवरच्या कारकुनानं पाटी पुसून नवा आकडा लिहिला असणार आणि रजिस्टरमध्येही तोच चढवला असणार. ज्या दिवशी बाबांनी बुधवार, गुरुवार उतरवून घेतले, त्या दिवशी मंगळवार त्याच रजिस्टरात, फक्त एक ओळ वर होता.

“एक ओळ वर,” ते म्हणाले. माझ्या मनात आलं होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. एका ओळीसाठी माझा मामा गेला, असं ओरडावंसं वाटत होतं. पण समोर एकाहत्तर वर्षांचा माणूस बसला होता आणि पट्टी त्या ओळीवरून उचलत नव्हता.

मी नंतर यावर पुष्कळ विचार केला. बाबांचा नऊ वाजताचा आकडा खोटा नव्हता. नऊला पाटीवर आठशे बाराच होते. बँकेचा आकडाही खरा, कारण त्या दिवसाला बँकेच्या यादीत एकच रकाना आहे आणि त्यात दिवस मावळतानाचा भाव बसला. माणसाचा दिवस काही एका रकान्यात मावत नाही. सकाळी एक खरं असतं, दुपारी दुसरं. हे बाबांना ठाऊक नव्हतं का? होतं. रोज बदलणारी गोष्ट लिहिण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण आपण लिहिलेलं बदलत नाही, असं त्यांनी कधीतरी मनाशी धरलं आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून खरं मानलं. आईनं तर जास्तच.

आई किराणा घेऊन वर आली, तेव्हा वही मिटलेली होती. त्या दिवशी बाबांनी सांगितलं नाही, रविवारी नाही, सोमवारी नाही. आईनं विचारलं, संपलं का तुमचं तपासणं? म्हणाले, डोळे दुखतात. मी त्यांना गाठून सांगितलं, तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. ते म्हणाले, नको, माझं तोंड आहे अजून. मंगळवार असाच गेला. माझी चिडचिड होत होती आणि त्यांची कीवही येत होती. एवढी वर्षं ज्या बायकोनं आपला शब्द डोक्यावर घेतला, तिला जाऊन सांगायचं, की तू ज्याच्यावर भाऊ ओवाळून टाकलास तो शब्दच चुकला होता. कसं सांगणार?

बुधवारी आई इस्त्री करत होती. बाबा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, तुझा भाऊ खरं बोलत होता. मग त्यांनी सगळं सांगितलं, फोनपासून रजिस्टरपर्यंत, स्वतःला कुठेही न वाचवता. आईनं इस्त्रीचं बटण बंद केलं. हातातला शर्ट नीट घडी करून ठेवला.

“कधी कळलं तुम्हाला?”

“शनिवारी.”

“आज बुधवार आहे.”

आणि मग आईचा बांध फुटला. तेवीस वर्षांचं नाही हो, चार दिवसांचं. म्हणाली, चार दिवस माझ्या हातचं जेवलात, माझ्याशी बाजारभाव बोललात आणि हे पोटात ठेवून झोपलात. चूक माणसाकडून होते, पण कळल्यावर गप्प कसे बसलात? मला एक दिवस आधी कळलं असतं तर मी एक दिवस आधी गेले असते. त्यानंतर तिनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायची, औषधाची गोळी पुढे ठेवायची, पण तोंडाला कुलूप. मला वाटतं, चार दिवसांवर रागावणं तिला जमत होतं. बाकीच्या वर्षांकडे बघायची तिची छाती होत नव्हती. कारण तिथे बाबांच्या शेजारी ती स्वतः उभी होती, दारात, भावाला चोर म्हणत.

रविवारी सकाळी ती केस विंचरून तयार झाली आणि मला म्हणाली, चल. बाबांना म्हणाली नाही, पण ते चपला घालून मागे निघाले. पूल आम्ही तिघं ओळीनं चाललो, पुढे आई, मध्ये मी, मागे बाबा. नाक्यावरच्या शिपायानं बाबांना सलाम केला, म्हणाला, काय पाटीवाले, आज इकडे कुठे?

आजीचं घर विकल्यावर मामानं रस्त्याच्या आतल्या बाजूला एक गाळा आणि त्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. अजून तिथेच आहे. बाहेर मशीन, भिंतीवर दोरीला टांगलेले अर्धवट शिवलेले कोट, जमिनीवर चिंध्या. मामी काज करत दाराशी बसली होती. तिनं आईला बघितलं, सुईतला दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, “तेवीस वर्षं लागली का पूल ओलांडायला?” सरकून जागा मात्र दिली. मामीचा मला राग आला नाही. चोराची बायको म्हणून तिनंही तेवढीच वर्षं काढली होती.

मामा कापड बेतत होता. पांढरा झालाय पार, आणि बारीक. त्यानं वर बघितलं, कात्री खाली ठेवली. आई दारातच थबकली, तिचे पाय पुढे येईनात. तेव्हा बाबा पुढे झाले. घरून पाठ करून आल्यासारखे एका दमात म्हणाले, भाव मंगळवारीच पडला होता. मी आठशे बारा सांगितला तो चुकीचा होता. चूक माझी, तुझी नव्हती. मला माफ कर म्हणायला मी आलो नाही, फक्त हे तुझ्या तोंडावर सांगायला आलोय.

“माहितीये मला, दाजी,” मामा म्हणाला.

आम्हाला वाटलं, तो म्हणतोय की मी खरं बोलत होतो हे मला माहीतच होतं. पण तसं नव्हतं. आईनं त्याला दारातून घालवल्यावर पंधरा दिवसांनी मामा बाबांच्या दुकानात गेला होता, समजावून सांगायला. बाबा जेवायला घरी आले होते. शेजारच्या खिडकीवरचा कारकून भला माणूस होता, त्यानं रजिस्टर उघडून दाखवलं. मंगळवार, साडेदहा वाजता, सहाशे त्रेचाळीस, खाली त्याची स्वतःची सही. ती ओळ मामानं तेव्हाच वाचली होती. बाबांचं कुठे चुकलं तेही त्याला तिथेच कळलं. आणि मी आलो होतो हे दाजींना सांगू नका, एवढं कारकुनाला म्हणून मामा पूल ओलांडून घरी परतला.

मामी म्हणाली, मी तेव्हाच यांना सांगितलं होतं, जा आणि दाखवा त्यांना. ऐकतील तर ना. नुसती पत्रं लिहीत बसले, आणि त्या पत्रांतसुद्धा, ताई कशी आहेस, मिरचीचा हात बरा झाला का. दुसरं अक्षर नाही.

बाबा खाली, चिंध्यांच्या शेजारी बसले. आई तोवर आत आली होती. तिनं विचारलं, का नाही सांगितलंस?

मामानं गळ्यातली टेप काढून गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, “तू किती रागीट आहेस ते मला माहीत नाही का? सांगितलं असतं तर तू त्यांच्यावरचा विश्वास टाकला असतास. पोर हॉस्पिटलातून नुकती घरी आलेली. मी विचार केला, नवरा तुला रोज लागणार आहे. भाऊ काय, वर्षातून दोनदा येतो. आणि वाटलं, वर्षभरात तुझा राग निवेल. मग पत्र परत आलं. दुसरंही आलं. पुढे पुढे सांगायची वेळ निघून गेली.”

मला हुंदका आवरेना, मी रडले, लहान मुलीसारखी रडले. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. आई मशीनशेजारच्या स्टुलावर बसली. ती रडत नव्हती. तिनं मामाचं मनगट धरलं होतं आणि त्याच्याकडे एकटक बघत होती, रागानंच.

“हे चार दिवस गप्प राहिले,” ती बाबांकडे बोट करून म्हणाली, “तर मी आज चार दिवस त्यांच्याशी बोलत नाहीये. तू तेवीस वर्षं गप्प राहिलास. तुझ्यावर किती दिवस रागावू, सांग? तेवढे दिवस आपल्याकडे उरलेत का रे?”

मामानं नुसती मान हलवली, नाही म्हणून.